तेसीची पोस्टकार्डं

प्रिय रुचा,

तीन आठवडे तुझे फोन उचलले नाहीत, ते कामात होते म्हणून नव्हे. रागावले होते. सुशीलकाकांचा पुण्याहून फोन आला की वहिनी, तुमच्या लेकीनं आमचं प्रकरण दुसऱ्या कोर्टात वर्ग करायला लावलं, तेव्हा मी इथे कोबेत कचऱ्याच्या पिशव्या लावत होते. रागाच्या भरात बाटल्या झाकणं वेगळी न करताच टाकल्या आणि खालच्या मोरितासान बाईंनी पिशवी माझ्या दारात परत आणून ठेवली. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! मी तुला एवढंच म्हटलं होतं, की माणूस सज्जन आहे, बाबांचा जुना मित्र आहे, कागद जरा नीट वाच. यात गैर काय? वकिली सोडून न्यायाधीश होऊन तुला वर्ष झालं नाही, आणि आईच्या शब्दाचा तुला विटाळ व्हायला लागला.

असा घाव मी आधी एकदा खाल्ला आहे, तेसीकडून. तुझी तेसीमावशी, मनिलाच्या सर्वोच्च न्यायालयाची न्यायमूर्ती. तिचा काळ्या झग्यातला फोटो तुझ्या टेबलावर शाळेपासून होता. सहा वर्षांपूर्वी तू सुट्टीत आलीस तेव्हा तो दिसला नाही, आणि मी म्हटलं, रंगकामात हरवला. खोटं होतं ते. मीच फाडला.

क्योतोत आम्ही भेटलो तेव्हा दोघी चोवीस वर्षांच्या. ती फिलिपिन्समधल्या बातांगासच्या शिंप्याची मुलगी, शिष्यवृत्तीवर जपानी कायदा शिकायला आलेली. मी नवऱ्यामागून आलेली. दोघींच्या बोटांवर शाळेतल्या नन्सच्या पट्टीचे वळ, त्यामुळे लगेच जमलं. आमच्यात एकच सायकल. एकदा डबलसीट जाताना पोलिसानं अडवलं. मी चटकन सांगितलं, हिला ताप आहे, दवाखान्यात नेतेय. तर ही मागून उतरून म्हणते, नाही हो, मी ठणठणीत आहे, ही थापा मारतेय. आणि शांतपणे नाव-पत्ता लिहून दिला. बाई कशी आहे, ते त्याच दिवशी कळायला हवं होतं मला.

ती परत गेली आणि कुठल्याशा बेटावर न्यायाधीश झाली. कोर्टाचं छप्पर वादळात उडालं तर शाळेच्या व्हरांड्यात खटले चालवले. महापौरानं नाताळला अख्खं भाजलेलं डुक्कर पाठवलं, ते तिनं त्याच हमालाच्या डोक्यावर परत पाठवलं. घरातली पोरं रडत होती म्हणे. तिथून अपील कोर्ट, आणि साठीत सर्वोच्च न्यायालय. मी पैठणी पाठवली. महिन्याभरानं पैठणी परत, सोबत पोस्टकार्ड: फार सुंदर आहे, निवृत्त झाले की पुन्हा पाठव. न्यायाधीश झाल्यापासून ती मला फक्त पोस्टकार्डं पाठवायची. मी तुझ्या बाबांना म्हणायचे, एवढी मोठी झाली, पण पाकिटाला पैसे सुटत नाहीत बयेचे.

मग मारिलूचं प्रकरण आलं. मी शाळेतून निवृत्त झाल्यावर चर्चच्या मदतगटात जायचे, तिथे ती भेटली. गाण्याचं काम म्हणून तिच्यासह अकरा जणींना मनिलाच्या एका कंपनीनं इथे आणलं, पासपोर्ट काढून घेतले आणि बारमध्ये बसवलं. ते हाल तुला लिहीत नाही. त्यांनी कंपनीवर खटला भरला आणि तो वर वर जात तेसीच्या न्यायालयात पोचला. नाव उघड करायला त्या तयार नव्हत्या. मी त्यांना सांगितलं, घाबरू नका, तिथे माझी तेसी बसलीय. माझ्या शब्दावर अकरा जणींनी खरी नावं दिली.

निकाल आला. सात न्यायाधीश बाजूनं, सात विरुद्ध. बरोबरी झाली की अर्ज फेटाळतात. आणि पंधराव्या नावापुढे, तेसीच्या नावापुढे: सहभाग घेतला नाही. विरोधात मत दिलं असतं तर मी भांडले असते गं. पण ही उठून निघून गेली! मारिलूनं मला एकच विचारलं, बाई, तुमची मैत्रीण त्या दिवशी आजारी होती का? त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणं सोडलं, आणि मी तेसीशी.

गेल्या मंगळवारी ती दारात उभी. सत्तर पूर्ण, निवृत्त. कॉफी समोर ठेवली आणि मी सहा वर्षांचं सगळं तिच्या अंगावर ओतलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, निलिमा, निकालाआधी दोन महिने तू त्या बायकांची बाजू मांडणारं अकरा पानी पत्र मला लिहिलंस, आठवतं? पाकिटात घालून. ते वाचलं, त्याच दुपारी सरन्यायाधीशांच्या हाती दिलं आणि त्या प्रकरणातून उठले.

मी विचारलं, बसली असतीस तर मत कुणाला दिलं असतंस? तीनदा विचारलं. जे दिलंच नाही त्याबद्दल बोलायचं नसतं, म्हणाली. मी म्हटलं, मग मला तेव्हाच का नाही कळवलंस? तर म्हणे, कळवून काय झालं असतं? तू धावत जाऊन मारिलूला सांगितलं असतंस, आणि तिनं तुला शिव्या दिल्या असत्या. त्यापेक्षा मला देऊ देत. निघताना तिनं त्या बायकांची चौकशी केली, नावं घेऊन. अकराच्या अकरा, एकही न अडखळता.

मी तिला माफ केलेलं नाही. मैत्रिणीनं मैत्रिणीला सहा वर्षं अंधारात ठेवू नये, कायदा काही म्हणो. पण पैठणी दिली, आणि तिनं घेतली. उद्या मारिलूकडे जाणार आहे. जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात तिची पाळी दोनला सुटते. काय सांगायचं ते ठाऊक आहे, सांगवेल की नाही ते ठाऊक नाही. त्याआधी तुला लिहावंसं वाटलं, कारण तू मला तसलं पत्र लिहिण्याआधीच थांबवलंस, आणि मी तुझा फोन उचलला नाही. रविवारी कर, उचलेन. सुशीलकाकांना मी सांगितलंय, पुन्हा हा विषय माझ्याकडे काढायचा नाही. हे तुला माझं शेवटचं पाकीट. पोस्टातून पन्नास पोस्टकार्डं आणून ठेवली आहेत, कुणीही उघडपणे वाचावीत अशी.

तुझीच, अजून धुसफुसणारी,
आई