आंबाडीच्या भाजीचा दोष नाई

वैनी,

काल चार बायाईसमोर मी म्हटलं, "तुमच्या आंबाडीच्या भाजीनंच आपल्या लेकराचा, दिवाकरचा गोवर एवढा वाढला." तुमी भाजीचा गंज चुलीवरून उतरवला.

आमच्या कॉलेजातल्या प्रोफेसरच्या गोवराच्या पाहणीत तसंच निघालं होतं. पण आमी जेवणाचं विचारलं ते फक्त जास्त बिमार लेकराईच्या घरी. आज सकाळी शेजारी गेलतो. रुखमाबाईच्या पोरीलेबी गोवर झालता, घरी हेच जेवण, अन् पोरगी अंगणात खेळून राह्यली. अशा घरी आमी गेलोच नाई.

हेच प्रोफेसरले सांगाले यवतमाळले जाऊन राह्यलो. तुमाले तोंड दाखवाची लाज वाटली, म्हणून न बोलता निघालो. त्या बायाईले आल्यावर मीच सांगतो.

संध्याकाळी परत येतो; तुमाले वाटलं, तरच मले जेवाले वाढा.

तुमचा दीर,
श्रावण