वेंकक्काचं आठवं पान

३ फेब्रुवारी १९५९, मंगळवार

निघाल्या! वेंकक्काच्या अकरा प्रती. तळहाताएवढ्या चित्रवह्या, आठ-आठ पानांच्या. जिलेटीन वितळवून ताटात थिजवलं, जांभळ्या शाईचं चित्र त्यावर उमटवलं, मग एकेक कोरा कागद दाबून उचलला. शेवटच्या दोन अगदी फिकट.

वेंकक्का म्हणजे आमची गोदूआत्याच. तेच नाक, तीच मडीची, सोवळ्याची ओली साडी. चिमणीलाही म्हणते, "शिवू नकोस गं!" आत्याला कळलं तर? पण दुपारचं जेवण होईपर्यंत ती कागदाला हात लावत नाही. वाचता तर येतच नाही.

५ फेब्रुवारी

माझ्या मैत्रिणीला, मथुरेला, एक प्रत दिली. ती कॉलेजात सायन्स शिकते, मी घरी अण्णांपाशी शिकले तेवढंच. खूप हसली. मग विचारलं, "वितळवलंस कशात?"

दुधाच्या पातेल्यात. जाड बुडाचं तेवढंच होतं. नंतर चिंच-राखेनं तीनदा घासलं.

"अय्यो वसू! जिलेटीन गुरांच्या हाडांचं असतं."

चेष्टा वाटली. नव्हती.

६ फेब्रुवारी

त्याच पातेल्यातलं दूध आज देवाला. मग आत्याला. मी समोर उभी!

८ फेब्रुवारी, रविवार

अण्णांना सांगितलं. वर्तमानपत्र खाली आलं नाही.

"अक्काला कळलं तर अन्न सोडेल. गप्प राहा. स्वल्प दिवसांनी नवं पातेलं आणू."

"आणि तोवर?"

"न कळता घडलं त्याचं पाप तिला नाही."

मला तर कळलंय! "सरी, बरं," म्हटलं आणि उठले.

९ फेब्रुवारी

पातेलं मुद्दाम पाडलं. नुसता पोचा आला. "हात आहेत की लोणी?" म्हणत आत्यानं ठोकून सरळ केलं. लगेच दूध तापत ठेवलं.

१२ फेब्रुवारी

आत्याशी बोलता येत नाही. तोंड उघडलं की म्हणते, "पित्त झालंय तुला," आणि आल्याचा रस पाजते. म्हणून नव्या आठपानी वहीत चित्रंच काढली, त्याच शाईनं. शब्द नाहीत. गाय, हाडं, जिलेटीनची पुडी, ताट, पातेलं, दूध पिणारी वेंकक्का, रडणारी मी. आठवं पान कोरं. तिथे काय होतं ते मला माहीत नाही.

१३ फेब्रुवारी

जेवणानंतर तिच्या चटईवर वही ठेवली. उचलली. पुन्हा ठेवली. आत्या न बघताच चटई गुंडाळून गेली. वही आतच!

१४ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी आत्या चुलीपाशी, नुकती नाहून, ओल्या साडीत. वही शेजारी उघडी. मडीत कागद! दोन बोटं जांभळी झालेली. आठव्या पानावर त्यांचेच ठसे. चुलीवर तेच पातेलं, दूध वर आलेलं.

"उतरव," म्हणाली.

"मी? माझी अंघोळ व्हायचीय, आत्या."

"उतरव म्हणते ना!"

उतरवलं. तिनं आपली वाटी पुढे केली.