नोहा बोलणार नाही

रविवार, संध्याकाळ

डोकं तापलंय. मरोळच्या आमच्या गावठणात चर्चच्या फेस्टला, म्हणजे वार्षिक सणाला, मी नाटक बसवतेय, आणि नोहा झालेला माझा भाऊ सायमन सिनेमातलं भाषण पाठ करून आला! महापुरातून वाचायला बांधलेल्या तारवातून, त्या मोठ्या जहाजातून, बाहेर बुडणाऱ्या शेजाऱ्यांची ओरडून माफी मागणारा नोहा. बायबलमध्ये पूर ओसरेपर्यंत तो एक शब्द बोलत नाही, फक्त देवानं सांगितलं तसं करतो.

"अगं, मग लोकांना कळणार कसं, त्याला वाईट वाटतंय?"

"दार लावताना तुझा चेहरा दिसेल ना!"

घरी येऊन बायबल उघडलं. दार परमेश्वरानं लावलं. म्हणजे मीसुद्धा पदरचं घातलंच की.

ठरलं. उद्याच सांगते: सायमन, दाराला हात लावायचा नाही. ते आपोआप बंद होईल आणि तू नुसतं बघत राहायचंस. मग बघू, कोणाला वाईट वाटत नाही ते.