उंबराच्या पाण्याने न्हालेली ऑस्टिन

मरोळ गावठाण, अंधेरी
गुरुवार, ६ फेब्रुवारी १९८६

प्रिय नलूस हिल्डाचा सप्रेम नमस्कार, आणि देव बरं करो.

शिवणाच्या तासाआधी आपण दोघी शाळेमागच्या जांभळाखाली बसलो होतो आणि सिस्टर अगाथा अचानक समोर उभी राहिली, ती दुपार तुला आठवते का? ‘गुड आफ्टरनून, सिस्टर’ म्हणायला तोंड उघडावं तर जिभा जांभळ्या, न उघडावं तर उद्धटपणा. आपण ओठ घट्ट मिटून नुसत्या माना लववल्या, आणि त्या भाबड्या बाईला वाटलं, मुली मनातल्या मनात प्रार्थना करताहेत. (सद्वर्तनाची निळी रिबन आपल्याला त्याच आठवड्यात मिळाली. माझी अजून कपाटात आहे.) तर नलू, सध्या माझी अवस्था तशीच आहे. तोंड उघडलं की सगळं दिसणार. म्हणून एकदाच उघडते. मी गाडीवाली झाले.

थांब, आधी तुझी चौकशी. तुझे गुडघे कसे आहेत? रात्री झोप लागते का? तुझा फोन गणपतीपासून मेलेला आहे, तेव्हा उत्तर लेखीच दे. माझी प्रकृती उत्तम. फक्त उजवा खांदा दुखतो, पण तो गाडी सुरू करायचं हँडल मारून दुखतो, त्यामुळे बाम लावतानासुद्धा मला फार बरं वाटतं.

आमच्या डॉक्टर मिस कुटिन्हो तुला ठाऊक आहेत. मी त्यांच्या दवाखान्यात नोकरीला लागले तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या. बाळंतपणाची व्हिजिट आली की डॉक्टर गाडी चालवायच्या आणि मी शेजारी मांडीवर बॅग धरून बसायची. गाडी म्हणजे त्यांच्या वडिलांची छोटी बेबी ऑस्टिन, माझ्याहून थोडी धाकटी, बाटलीसारखी हिरवी, आणि डोळे अगदी आश्चर्य वाटल्यासारखे वटारलेले. अंधेरीतली निम्मी पोरं त्या गाडीच्या आवाजाने जन्माला आली, असं मी म्हणते. (डॉक्टर म्हणतात, औषधाने.) नाताळानंतर त्यांनी दवाखाना बंद केला. त्या बहिणीकडे म्हापशाला निघाल्या तेव्हा गाडीचे कागद माझ्या नावावर करून मला म्हणाल्या, ‘‘हिल्डा, जन्मभर डाव्या सीटवर बसलीस. आता उजवीकडे सरक.’’ नलू, मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले. माझ्या नावावर याआधी फक्त रेशन कार्ड होतं, आणि त्यातही भावाचं, युस्टेसचं, नाव वर.

गाडी चालवायला डॉक्टरांनीच जाण्यापूर्वी शिकवलं. लायसन्सही रीतसर काढलं. आता मी गावठाणातून निघाले की बायका भाजी निवडायची थांबतात. नव्या मारुत्या शेजारून सुळकन जातात, पण त्यांच्याकडे कोण बघतं? ऑस्टिनकडे बघून लोक हसतात, हात हलवतात, म्हातारे टोपी काढतात. (पोरं ‘डबा आला, डबा आला’ करतात. मी नावं लक्षात ठेवलीत, चर्चमध्ये कॅटेकिझमच्या वर्गात बघते एकेकाला.) माझी शेजारीण सुगंधा, मूळची मालवणची, तिने पहिल्याच दिवशी चाकाखाली लिंबू ठेवलं. फादरांनी तीर्थ शिंपडलं. दोन्ही बाजूंनी बंदोबस्त झाला.

विरोध एकट्या युस्टेसचा. माझा धाकटा भाऊ, पण बोलतो आजोबांसारखा. ‘‘हिल्डा, तुला वेड लागलंय काय गो? या वयात बाया गुडघ्याला तेल लावतात, तू गाडीला लावतेस!’’ सिनेमाच्या शूटिंगला जुन्या गाड्या पुरवणारा कोणी माणूस त्याने शोधून ठेवला होता. मी ऐकेना, तेव्हा त्याने अट घातली. गेल्या रविवारी त्याच्या मुलीचं, तेरेसाचं, लग्न होतं. तिला घरापासून चर्चच्या दारापर्यंत माझ्या ऑस्टिनमधून न थांबता नेलं, तर तो विक्रीचं नाव काढणार नाही. वाटेत बंद पडली, तर सोमवारी शूटिंगवाला येऊन घेऊन जाणार. मी मानेने हो म्हटलं आणि मग रात्रभर ती मान दुखली.

आता तुला आमची रीत सांगायला हवी, नाहीतर माझा पराक्रम कळायचा नाही. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड लावून विहिरीवर जातात, गाणी म्हणत पाणी काढतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात, आणि सकाळी त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. त्याशिवाय नवरी घराबाहेर पाऊल टाकत नाही. शनिवारी पाणी आलं. कळशी ओटीवर मांडवाखाली ठेवली. रविवारी सकाळी मी गाडीचं बॉनेट उघडलं. रेडिएटरला पाणी भरायचं, काच पुसायची. बघते तर ओटीवर भरलेली कळशी, तिच्या गळ्यात झेंडूची माळ. आणि सुगंधाने गाडीच्या नाकावर घातलेलीही अगदी तशीच माळ. मला वाटलं, सुगंधाने गाडीसाठीच पाणी सजवून ठेवलंय, केवढी मायाळू बाई! मी रेडिएटर गळ्यापर्यंत भरला आणि उरलेल्या पाण्याने काच, मडगार्ड आणि दिवे असे लखलखीत धुतले की माझं मलाच कौतुक वाटलं. (आदल्या संध्याकाळी त्याच विहिरीवर सगळ्यात मोठ्याने गाणारी मीच होते, हे कृपा करून कोणाला सांगू नकोस.)

पुढचा गोंधळ काय वर्णू? आमची सगळ्यात थोरली, सेरफिना मावशी, रिकामी कळशी छातीशी धरून ओटीवर उभी. ‘‘नवरीचं पाणी कोणी सांडलं गो?’’ मी बॉनेटकडे बोट दाखवलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. बँडवाले मांडवात अजून घोरत होते. त्यांना हलवून उठवलं, एकाला टोपी सापडेना, एकाला तुतारी, आणि ती वरात पुन्हा विहिरीवर गेली. तेरेसा आत हसून हसून लोळत होती. युस्टेस मात्र घड्याळ बघत होता, आणि तो घड्याळ बघायला लागला की मला जास्त भीती वाटते.

पण नलू, निघालो तेव्हा काय शोभा! तेरेसाचा झगा इतका फुगला होता की मला गिअर सापडायला तो बाजूला करावा लागे. पुढे बँड, मागे अख्खं गावठाण. बँड चालतो बँडच्या चालीने, त्याला घाई माहीत नाही. मी पहिल्या गिअरमध्ये, पाय क्लचवर, ओठांवर हेल मेरीची प्रार्थना. बिचारी ऑस्टिन तापत गेली. चर्चच्या चढाला तिने नाकातून वाफ सोडली, एक उसासा टाकला आणि उभी राहिली. चर्चचं दार समोर दिसत होतं.

युस्टेस धावतच आला. ‘‘संपलं! सोमवारी देऊन टाकू.’’ मी स्टिअरिंग धरून बसले होते आणि मला काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात सेरफिना मावशी काठी टेकत पुढे आली, वाफ निवेपर्यंत बॉनेटसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ‘‘काय द्यायचं रे, युस्टेस? हिला उंबराचं पाणी घातलंय. पोटातून घातलंय, तोंडावरून घातलंय, वर माळसुद्धा घातलीय. आपल्या घरात न्हालेली बाय तू शूटिंगवाल्याला देतोस? लाज नाय वाटत?’’

युस्टेस म्हणाला, अगो मावशी, ती गाडी आहे. मावशी म्हणाली, तुझी बायको आली तेव्हा तीपण तापायची, तिला दिली काय कोणाला? यावर बँडवाल्यांनी कोणी न सांगता वाजवायला सुरुवात केली. मग युस्टेसने कोट काढला, मागे गेला आणि पहिला खांदा त्याने लावला. ऑस्टिन आवाज न करता, राणीसारखी, चर्चच्या दारात पोचली. तेरेसाला हात धरून मी उतरवलं. माझ्या गाडीतून, नलू.

सोमवारी शूटिंगवाला आला. युस्टेसनेच दार उघडलं. घरची आहे, विकायची नाही, एवढंच बोलला आणि दार लावलं. मग मला ओरडला, तिला उन्हात का ठेवलीस म्हणून.

तुझीच,
हिल्डा

ता. क. : एक लहानशी अडचण लिहायची राहिली. ऑस्टिनला वळताना दाखवायला दोन्ही बाजूंना छोटे लाल हात आहेत. उजवा उठतो, डावा उठत नाही. डावीकडे वळायचं तर शेजारच्या माणसाने खिडकीतून स्वतःचा हात काढावा लागतो. एकटी असले की मी आपली फक्त उजवीकडे वळते. (दूध आणायला मला मरोळची प्रदक्षिणा घालावी लागते. गावात समज आहे की मला मिरवायला आवडतं.) मिस्टर गेल्यापासून तू सोसायटीच्या फाटकाबाहेर गेली नाहीस, असं सुलक्षणाने सांगितलं. तुझी सून चहाडखोर नाही, काळजीने बोलली. तुला समजवायला मी हे लिहीत नाही, समजावणं मला कधीच जमलं नाही. मला डावा हात हवाय, एवढंच. या रविवारी सकाळी मुलुंडला येते. तिथपर्यंत युस्टेस शेजारी बसेल (घरात हात बाहेर काढायचा सराव करतोय) आणि तिथून बसने परत जाईल. मग आपण दोघी मार्व्याला जाऊ, गाडी धक्क्यावर ठेवू आणि बोटीने मनोरीला. निवांत. बंद पडली तर ढकलू, आता मला ढकलवून घ्यायची लाज उरलेली नाही.

आणखी एक ता. क. : हे पत्र आणि टोपली शकूच्या हाती देते आहे, ती रोज मुलुंडला कामाला येते. टोपलीतला बाटलीभर बॉटल मसाला तुझा, कोणाला वाटू नकोस. फुगे (आमचे तळलेले गोल पाव) तुझ्या मुलाला, नंदूला, तव्यावर जरा गरम करून. लग्नाचा केक सुलक्षणाला, त्यातला वरचा साखरेचा गुलाब तिने एकटीने खायचा. डिंकाचे लाडू तुझ्या गुडघ्यांना, सुगंधाकडून. रिकामी टोपली शकूची. तळाशी रुमालात बांधलेली गाडीची दुसरी किल्ली आहे, ती तुझी. नंदूकडे देऊ नकोस, तो कुलपात जपून ठेवील.