यांच्या चष्म्याची फ्रेम

ती. आईंना सप्रेम नमस्कार,

मी ठीक आहे. खोली बदलली, या खोलीत ऊन येतं. तुमचा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नका.

एक गोष्ट फोनवर सांगायला जमली नाही, म्हणून लिहिते. मी लग्न करायचं ठरवलं आहे.

मागच्या वर्षी मला चष्मा लागला, तेव्हा यांचीच जुनी फ्रेम घेऊन दुकानात गेले. चष्मेवाल्यांनी तीत माझ्या काचा बसवल्या आणि यांच्या काचा कागदात गुंडाळून परत दिल्या. म्हणाले, "एवढा मोठा नंबर? साहेब फार वाचत असतील." मी म्हटलं, "नाही हो, पत्ते खेळायचे. आणि हरायचे." हे गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले.

फ्रेम मला मोठी होते, सारखी घसरते. काड्या आवळून घ्यायला दर शनिवारी जाऊ लागले. नवी घ्या, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. चहा व्हायचा. त्यांची बायकोही आजारातच गेली, तिच्याबद्दल बोलायचे. मी यांच्याबद्दल बोलायचे. गेल्या महिन्यात म्हणाले, "दर वेळी इतक्या लांब कशाला येता? घरीच आवळून देत जाईन." आठवडाभर विचार करून मी हो म्हटलं.

तारीख ठरवलेली नाही. तुम्हाला पटलं नाही तर तसं लिहा, पण गप्प राहू नका. त्यांना तुम्हाला भेटायला यायचं आहे. तुम्हाला काय म्हणून हाक मारायची, असं विचारत होते. मी म्हटलं, ते आईच सांगतील.

तुमचीच,
सून