आधी हेड होता का?

रवि., ४ फेब्रु.
हानीने केबिनमध्ये बोलावलं. हानी म्हणजे आमचा लेबनीज डायरेक्टर. सौदीकरणाच्या नव्या यादीत माझं पद आलंय, टीम हेड सौदी पाहिजे. एचआर विचारतंय, फहदला बसवू का? फहद तीन वर्षं माझ्याच हाताखाली. पोरगा हुशार, पण टीम कधी सांभाळलेली नाही. हानी म्हणाला, "तुझा फुटबॉलचा रिपोर्ट येऊ दे. तोच घेऊन एचआरशी भांडतो."
रिपोर्ट असा: एका विद्यापीठाला फुटबॉल टीमसाठी हेड कोच नेमायचाय. आधी कुठे हेड कोच राहिलेला घ्यावा, की कुणाचा असिस्टंट वर आणावा? अनुभवाने टीम खरंच जिंकते का, ते आकड्यांवरून आम्ही सांगायचं.
घरी बायकोला, वै.ला, बोललो नाही. आमच्या मितूची दहावीची बोर्डाची परीक्षा तोंडावर.

सोम., ५
निकाल आला. आधी हेड राहिलेले कोच नवख्यांपेक्षा सरळ वरचढ. मुळात टीम तगडी होती का, तेही धरून पाहिलं. तरी वरचढच. इतका आनंद मला स्वतःच्या लग्नात झाला नसेल. हानीला मसुदा पाठवला, उत्तर आलं, "मुमताझ." म्हणजे झकास.
मग वै.ला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आकडे आपल्या बाजूने आहेत ना? मग झालं तर."

मंगळ., ६
कसलं झालं. दुपारी नवख्यांची यादी सहज चाळत होतो. एक ट्युनिशियन कोच, पहिलंच वर्ष, टीम तळाला. तेच नाव, तीच जन्मतारीख, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या विद्यापीठात हेड. इकामा, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्याचा नंबर मात्र वेगळा.
मी माणसं इकामा नंबरवरून जुळवली होती. नोकरी गेली, फायनल एक्झिट घेऊन माणूस मायदेशी गेला, की परत येताना नवा इकामा, नवा नंबर. म्हणजे अपयशी ठरलेले अनुभवी कोच माझ्याकडे नवखे म्हणून मोजले गेले. आणि हे मला कळू नये? मी स्वतः एक्झिटवर नागपूरला जाऊन वर्षाने परत आलोय, माझेच दोन नंबर आहेत. गाढव आहे मी, शुद्ध गाढव.
असे किती आहेत ते मोजायची हिंमत झाली नाही. फाइल बंद करून घरी.

बुध., ७
मोजले. बरेच निघाले. जन्मतारखेने जुळवून पुन्हा चालवलं, तीनदा. फरक उरलाच नाही. आधी हेड असो वा नसो, टीमच्या निकालाला त्याचं काही पडलेलं नाही.
कुणी तपासणार नाही. हानी नाही, विद्यापीठ तर नाहीच.
फहद डोकावला. मला तो मितूचा बाप म्हणूनच हाक मारतो. "अबू मितू, काही मदत?" काही नाही म्हणालो आणि स्क्रीन झाकली. तीन वर्षांत त्याच्यापासून पहिल्यांदा काही लपवलं. लाज वाटली, वर त्याचाच रागही आला. त्याचं काय चुकलं होतं?

शनि., १०
वै. मेथी निवडत होती, तेव्हा सांगून टाकलं.
"मग दुरुस्त केलेलं पाठवू नकोस."
म्हटलं, विद्यापीठ चुकीच्या कारणासाठी माणूस नेमेल.
"नेमू दे. तुला फुटबॉलचा कधीपासून एवढा कळवळा? ऑफसाइड कळतो का तुला?"
नाही कळत.
अर्ध्या तासाने तीच म्हणाली, "पण तुला हे पचायचं नाही. आठ दिवस धड जेवणार नाहीस, ओळखते मी." आतून मितू: "आर यू गाइज फायटिंग?" दोघंही नाही म्हणालो.

रवि., ११
सकाळी फहदला शेजारी बसवून सगळं दाखवलं. त्याने दोन्ही निकाल खालवर करून पाहिले. मग हळूच, "हे हानीला सांगितलं तर तुमचं...?" म्हणजे सौदीकरणाच्या यादीचं त्याला ठाऊक होतं. मी म्हटलं, तू आधी जन्मतारखा तपास. तपासल्या, बरोबर निघाल्या. दुरुस्त रिपोर्ट पाठवून दिला.

सोम., १२
हानीने दार लावून घेतलं. "हे का केलंस? पहिला रिपोर्ट मी एचआरला दाखवलाय."
चूक होती म्हणून, एवढंच म्हणालो. मग त्याने सरळच विचारलं, "रिपोर्ट राहू दे. फहदला तू तीन वर्षं पाहिलंयस. जमेल त्याला?"
नाही म्हणणं अगदी सोपं होतं. "जमेल," म्हणालो. "पहिले सहा महिने कुणीतरी सोबत लागेल." हे शेवटचं खरं म्हणून बोललो की माझ्या सोयीचं म्हणून, मलाच सांगता येत नाही. हानीने काहीतरी लिहून घेतलं.
चार वाजता एचआरचा फोन. उद्या दहाला या, पासपोर्ट घेऊन. कशासाठी, विचारलं. "उद्या सांगू." पासपोर्ट इकामाच्या रिन्यूअलला लागतो, एक्झिटलाही लागतो. घरी आल्यावर वै.ला एवढंच सांगितलं. तिने कपाटातून माझा काढून टेबलावर ठेवला. मग स्वतःचा आणि मितूचाही काढला.