मावशींना मीच सांगितलं

प्रिय आई,
साष्टांग नमस्कार. मराठीत पत्र पहिल्यांदाच लिहितेय, हसू नकोस. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

हॉस्पिटलमधलं दुभाष्याचं काम एकदम भारी चाललंय! आमचा नियम कडक आहे. स्वतःचं काही घालायचं नाही. डॉक्टर जे बोलतील, ते 'मी' म्हणूनच आपल्या भाषेत सांगायचं, आणि पेशंट जे बोलेल ते सगळं डॉक्टरांना.

काल एक मावशी आल्या होत्या, तुझ्याच वयाच्या. डॉक्टर बोलले आणि मी सांगितलं, "तुमचा आजार सगळीकडे पसरलाय. मी आता काही करू शकत नाही."

मावशींनी माझा हात धरला. "बाळा, त्यांचं राहू दे. तू आपली आहेस ना? तू सांग, खरंय का हे?"

नियमाप्रमाणे मी तेही डॉक्टरांना विचारलं. ते "हो" म्हणाले. मग मीही मावशींना "हो" म्हटलं.

त्यांनी हात सोडला. "दगड आहेस गं नुसती."

मी तेही डॉक्टरांना सांगितलं.

नंतर आमच्या सुपरवायझर मॅडमनी पाठ थोपटली. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही म्हणे!

तुझा रिपोर्ट आला का गं? आला की दादाला फोन करायला सांग, तू करू नकोस. त्याला छान खोटं बोलता येतं.

तुझीच,
बडबडी